हातोहात कोकण

घड्याळ उतरवून ठेवा. पुढचे काही दिवस वेळ सांगायला कोंबडा, भरती आणि आगबोटीचा भोंगा पुरेसा आहे. फोन तर विसराच. खिशात मोड असू द्या. नवे पैसे असतीलच, शिवाय दोन-चार जुने आणेही घ्या, कारण वयस्कर माणसांचा हिशेब अजून आण्यातच चालतो. साल १९६१, मे महिना, उजाडायला अजून वेळ आहे आणि तुम्ही पुण्यात, नारायण पेठेतल्या एका वाड्याच्या चौकात उभे आहात.

आपण कुठे आलोय हे आधी नाकाला कळतं. बंब पेटलाय आणि गोवऱ्यांचा धूर डोळ्यांत जातोय. त्यात शिकेकाईचा वास, ओल्या फरशीचा वास, कोणाच्या तरी तव्यावर भाजल्या जाणाऱ्या दशम्यांचा दुधाळ वास. नळावर कळशांची रांग लागलीय आणि रांगेतल्या गप्पांना आवाजाची मर्यादा नाही. "चाललात ना गुहागरला? सुपारी आणा हो आमच्यासाठी, मागच्या वेळची फार छान निघाली," असं तुम्हाला ओळखत नसलेली एक काकू तुमच्याकडे बघून खुशाल सांगते. तुम्ही मान डोलवा. या काळात मान डोलवली की काम अंगावर घेतलं असा अर्थ होतो.

चौक नीट बघून घ्या. तुळशीवृंदावन, लाकडी कठडे, गुळगुळीत झालेली दगडी पायरी. येत्या १२ जुलैला पानशेतचं धरण फुटेल, नदी या पेठांमध्ये शिरेल आणि असे कितीतरी वाडे पडतील. आज इथे कोणालाच त्याची चाहूल नाही. आज फक्त तांगा दारात आलाय आणि तांगेवाला घाई करतोय.

सामान बघून घाबरू नका. एक पत्र्याची ट्रंक, सतरंजीत गुंडाळलेली वळकटी, फिरकीचा तांब्या, दशम्या आणि लसणीच्या चटणीचा डबा, छत्री. छत्री उन्हासाठी. तांग्यात मागे तोंड करून बसा, पाय लोखंडी पायरीवर घट्ट रोवा आणि घोड्याच्या टापांच्या तालावर मागे पळणारं पुणं बघत राहा. बंद दुकानांच्या फळ्या, रस्ता झाडणाऱ्यांनी उडवलेली धूळ, दुधाच्या किटल्या लटकवलेल्या सायकली. हवा अजून कोरडी आणि गार आहे. ही हवा छातीत भरून घ्या, संध्याकाळी तिची आठवण येईल.

स्वारगेटला "गाडी लागली!" अशी आरोळी उठते आणि जो तो धावत सुटतो. तुम्हीही धावा, पण दाराकडे नाही, खिडकीकडे. रुमाल आत टाका आणि जागा धरा. रुमालाचा मान सगळे ठेवतात. हमाल ट्रंक डोक्यावरून थेट टपावर चढवतो, वरचा माणूस ती दोरखंडानं आवळतो. आत तेल लावून चोपून बसवलेले केस, नवं धोतर, ओलं बाळ, कुठेतरी शेंगदाण्याची चिक्की, असा सगळा वास एकत्र झालेला. कंडक्टर पंचाची टिकटिक करत गर्दीतून वाट काढतो, दोरी ओढतो, टिंग टिंग, आणि गाडी हादरून जागची हलते. खिडकीची पट्टी, समोरची दांडी आणि तुमची दाढ एकाच वेळी थरथरायला लागते. चिपळूण येईपर्यंत ती थांबणार नाही.

कात्रजचा घाट चढताना गाडी धापा टाकते. मग अचानक काळोख आणि गारवा. बोगदा आला. गाडीतली सगळी पोरं एकदम ओरडतात, आवाज दगडावर आपटून परत येतो. तुम्हालाही ओरडावंसं वाटलं तर ओरडा, अंधारात कोणाला दिसतंय! पलीकडे ऊन डोळ्यांवर येतं आणि खाली शिवापूरचं खोरं उघडतं. पुढचा रस्ता झपाट्यानं जाऊ द्या: शिरवळ, खंबाटकीची वळणं, साताऱ्याच्या स्टँडवर बशीतला चहा आणि कागदात बांधलेले कंदी पेढे, उंब्रजला पुण्या-बंगळूरचा हमरस्ता सोडून उजवीकडे. डबा पाटणच्या आधी उघडा. शेजारचे आजोबा तुमच्या चटणीकडे बघतील आणि स्वतःच्या फडक्यातला भाकरीचा चतकोर तुमच्या हातावर ठेवतील. नको म्हणायचं नाही.

कोयनेच्या खोऱ्यात धरणाचं काम जोरात चाललंय. ट्रक, मजुरांच्या झोपड्यांच्या ओळी, हवेत इतकी धूळ की जिभेवर कचकच होते. सह्याद्रीच्या पोटातून बोगदे खणून पाणी पश्चिमेला, पोफळीकडे उतरवायचं आणि त्यावर वीज करायची, असं आजोबा तुम्हाला समजावून सांगतात. हात हवेत आडवा धरून ते डोंगर दाखवतात, दुसऱ्या हाताचं बोट त्यातून आरपार घालतात.

मग कुंभार्ली घाटाचा माथा. गाडी क्षणभर थांबते. ड्रायव्हर खाली उतरून टायरांना लाथा मारून बघतो, आणि तेवढ्यात खालून एक वारा येतो. गरम, ओला, जड. गालावर तो नुसता लागत नाही, चिकटतो. देश संपला हे पाटी वाचण्याआधीच कातडीला समजतं. रस्त्याकडेला धनगराच्या पोरी पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन उभ्या आहेत. एका पैशाला द्रोण की दोन, यावर घासाघीस करू नका. काळीभोर करवंदं तोंडात फोडा, आतला लाल रस आणि चीक ओठांवर येऊ द्या. घाट उतरताना ओठ चिकटलेले असतील, कानांना दडे बसलेले, आणि मागच्या बाकावर कोणाचं तरी पोर ओकत असेल. त्याच्या आईला एक अनोळखी बाई आवळकाठी देते, दुसरी लिंबू देते, तिसरी पोराला स्वतःच्या मांडीवर आडवं घेते. तिघींपैकी कोणीही कोणाचं नाव विचारलेलं नाही.

चिपळूणला उतरलात की शर्ट पाठीला चिकटून बसतो आणि मुक्काम संपेपर्यंत सुटत नाही. माठातलं पाणी प्या, वर कोकमाचं सरबत घ्या, आणि गुहागरची गाडी पकडा. ही गाडी आणखी जुनी, रस्ता आणखी लाल. जांभ्या दगडाचा सडा, काजूची झाडं, गळून पडलेल्या बोंडांचा आंबूस वास. शृंगारतळी, मोडकाघर, मग उतार, आणि उताराच्या टोकाला माडांच्या शेंड्यांवरून एक निळी रेघ. गाडीतले सगळे गप्प होऊन तिच्याकडे बघतात. रोज बघणारेसुद्धा.

गुहागरात उतरून पत्ता विचारायला जाल तर पत्ता कोणी विचारू देत नाही. दुकानाच्या फळीवर बसलेला गृहस्थ आधी तुम्हालाच विचारतो, "कोणाकडचे तुम्ही?" कुठले, असं नाही. कोणाकडचे. इथे नुसतं हिंडायला म्हणून कोणी येत नाही. येणारा कोणाचा तरी असतो आणि कोणाचा हे एकदा ठरलं की पुढचं सगळं आपोआप होतं. तुम्ही आडनाव सांगता. तो डोळे मिटून दोन पिढ्या मागे जातो. "म्हणजे वरच्या पाटातल्या आत्यांकडे. अरे बाळ्या, यांची ट्रंक घे." बाळ्या नावाचं बारा वर्षांचं पोर ट्रंक डोक्यावर घेऊन तुमच्यापुढे चालायला लागतं आणि त्याच्या अनवाणी पायांमागे लाल धूळ उडते. तुम्ही त्याच्या मागे जा. गाव म्हणजे एकच लांबलचक रस्ता आहे, दोन्ही बाजूंना घरं. पश्चिमेकडच्या घरामागे वाडी, वाडीमागे समुद्र. हरवायला जागाच नाही.

अंगणात मांडव घातलेला आहे, खाली शेणानं सारवलेली जमीन. पायावर पाणी घ्या. आत्या ओटीवर येतात, नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू. तुमच्याकडे न्याहाळून बघतात आणि म्हणतात, "नाक आजोबांचं घेतलंयस." झालं, तुम्ही घरचे झालात. गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी पुढे येतं. पाणी विहिरीचं, किंचित गोड आणि इतकं गार की दातांना झिणझिण्या येतात. रात्री कंदिलाच्या उजेडात केळीच्या पानावर भात, कुळथाचं पिठलं, ओल्या काजूंची उसळ आणि शेवटी सोलकढी. झोपायला ओटी. कपाळावर वारा, कानात समुद्र. तो दिसत नाही, पण रात्रभर घराच्या मागे कोणी मोठं माणूस येरझाऱ्या घालत असल्याचं वाटत राहतं.

सकाळी तुम्हाला रहाट उठवतो. कुर्र... कुर्र... लाकडावर लाकूड घासण्याचा तो आवाज सुरुवातीला त्रास देईल, दोन दिवसांनी त्याच्याशिवाय जाग येणार नाही. परसात जा. बैल गोल फिरतोय, रहाटाचे लोटे विहिरीतून भरून वर येतायत आणि पन्हळीत रिकामे होतायत. पन्हळीतलं पाणी पाटानं वाडीत शिरतं, या पोफळीच्या आळ्यातून त्या पोफळीच्या. गडी कुदळीच्या एका फटक्यानं मातीचा बांध फोडतो, दुसऱ्यानं बुजवतो, आणि पाणी त्याचं ऐकून वळतं. तुम्ही अनवाणीच त्या पाटात उभे राहा. वर माडांची सावली, मधल्या उंचीवर पोफळी, पोफळींवर चढलेले मिऱ्याचे आणि पानाचे वेल, खाली जायफळाचं झाड, अननसाचा काटेरी कुंपणकाठ. मेमधलं ऊन इथे पोचेपर्यंत हिरवं होतं. आंघोळ पन्हळीखालीच उरका. पहिल्या धारेला श्वास अडकेल, मग उठावंसंच वाटणार नाही.

न्याहारीला आटवल. मऊ भात, त्यावर मेतकूट, तूप, मीठ, बाजूला कैरीचं लोणचं. वाफेबरोबर मेतकुटाचा वास वर येतो तेव्हा बोलू नका, जेवा.

त्या दुपारी फणस फोडायचा आहे आणि तुम्हाला बसवलं जातं. हे काम बघून येत नाही, करूनच येतं. हातांना कोपरापर्यंत खोबरेल तेल लावा, विळीलाही लावा. आत्या फणसाला टिचकी मारून आवाज ऐकतात. "कापा आहे, जमेल तुला." बरका असता तर गरे बुळबुळीत, हातातून निसटले असते. दोन पायांत विळीचा पाट दाबून धरा आणि फणस पात्यावर ढकला. काटेरी साल करकरत फाटते, आतून पांढरा चीक ठिबकायला लागतो आणि वास असा सुटतो की रस्त्यावरची पोरं कुंपणाशी गोळा होतात. चीक काडीवर गुंडाळून घ्या, बोटानं पुसायला गेलात तर बोटं एकमेकांना चिकटतील. मधला दांडा काढून टाका, पिवळा गरा दोन बोटांत धरून ओढा, आठळी वेगळी, पाती वेगळी. आठळ्या राखेत भाजायला, नाहीतर आमटीत. साल गोठ्यात, म्हशीला. तासाभरानं फणसाचं नाव घेण्यासारखं काही उरत नाही, तुम्ही कपाळापासून पोटापर्यंत गोड आणि चिकट झालेले असता, आणि आत्या तुमच्या हातावर पुन्हा तेल ओततात.

तेवढ्यात माळ्यावरून आंबे खाली येतात. पेंढ्याच्या आढीतून काढलेले, अजून ऊब असलेले. हापूस पेट्यांत भरून बाहेर जायचा, तो मोजून ठेवलाय. तुमच्यासाठी रायवळ, बादलीभर पाण्यात टाकलेले. देठ दाताने तोडा, पहिला चीक पिळून टाका, मग चोखा. किती खाल्ले हे कोयी मोजून रात्री सांगतात आणि सगळ्यात कमी कोयी असलेल्याला उद्या जास्त मिळतात. अंगणात बायका ताटांवर रस पसरतायत, साठं वाळवायला. गांधीलमाश्या घोंघावतायत. कावळ्यांना हाकलायचं काम तुमच्याकडे आलंय, काठी घेऊन सावलीत बसा. यापेक्षा मोठी जबाबदारी या गावात दुपारी कोणावर नसते.

दुपारची झोप माजघरात, सारवलेल्या जमिनीवर नुसत्या चटईवर. चार वाजता व्याडेश्वराला जा. आवारातले दगड दिवसभर तापलेत, प्रदक्षिणा घालताना पाय आपोआप भरभर उचलले जातात आणि गाभाऱ्यात शिरताच तळव्यांना गारवा लागतो. पुण्यातल्या कितीतरी घरांचं हे कुलदैवत आहे. तुमच्या शेजारी हात जोडून उभं असलेलं बिऱ्हाड सदाशिव पेठेतलं निघालं तर नवल नाही. "तुम्ही कोणाकडे उतरलात?" ते विचारतील. तुम्हाला आता उत्तर देता येतं.

आठवडा असा जातो आणि गेल्याचं कळत नाही. मग एका रात्री बैलगाडी जोडली जाते. दाभोळहून आगबोट पकडायची आहे, मालवणला जायला. खाली पेंढा, त्यावर सतरंजी, आडाखाली झुलणारा कंदील. आत्या दही-साखर हातावर देतात आणि गाडीवानाला बजावतात, "यांना धोपाव्याला तांडेलाच्या हवाली कर. त्याला सांग, आमच्याकडचे आहेत." तुमच्या हातात एक पिशवी येते, पिशवीत दाभोळच्या कोणा बाईंसाठी फणसपोळ्या. मान डोलवा.

गाडी सड्यावरून जाताना आडवे पडून राहा. चाक दगडावर चढलं की चांदण्या उजवीकडे सरकतात, उतरलं की डावीकडे. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा ताल लागतो आणि गाडीवान झोपतो. बैलांना रस्ता पाठ आहे. अंजनवेलच्या बाजूनं वारा यायला लागतो, त्याला चिखलाचा, कांदळवनाचा वास. पहाटे खाडीच्या काठाला उतरता तेव्हा ओहोटी लागलेली. म्हणजे थांबायचं. किती वेळ? पाणी चढेपर्यंत. काठावर बसलेली दहा-बारा माणसं तशीच बसून आहेत, कोणी विडी ओढतंय, कोणी कोंबड्यांची पाटी सांभाळतंय. पाणी चढतं, होडी हलते, वल्ही चबाक चबाक करत वाशिष्ठी ओलांडते. समोर दाभोळच्या काठावरच्या जुन्या मशिदीचा घुमट उजळत जातो. फणसपोळ्यांची पिशवी बंदरावर तुमच्या आधी पोचल्यासारखी आहे, कारण ती घ्यायला बाईंचा मुलगा आलेला असतो. कोणी कळवलं? विचारू नका. तो तुम्हाला दुपारच्या जेवणाला घरी घेऊन जातो.

संध्याकाळी भोंगा वाजतो. आगबोट मुंबईहून आलीय, सकाळी भाऊच्या धक्क्यावरून निघून हर्णै करत. ती काठाला लागत नाही, दूर खोल पाण्यात उभी राहते. तिच्यापर्यंत पडावानं जायचं. पडावात माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, बोचकी, एक बकरी आणि तुम्ही. काठावरून बोट लहान दिसत होती. जवळ गेल्यावर ती लोखंडाची उंच भिंत होते, गंजाचे ओघळ असलेली, आतून धडधडणारी, आणि भिंतीला लटकलेली एक शिडी.

आता नीट ऐका, कारण इथे चूक परवडत नाही. पडाव लाटेबरोबर पुरुषभर वर जातो आणि पुरुषभर खाली येतो. बोट मात्र जागची हलत नाही. शिडीच्या तळाशी खलाशी उभा आहे, एक हात दोराला, एक तुमच्याकडे. खाली असताना पाय उचलायचा नाही. वर जाताना उचलायचा नाही. अगदी माथ्यावर, जिथे लाट क्षणभर थांबते, तिथे. तांडेल तुमच्या दंडाला धरून पुटपुटतो, "थांबा... थांबा... आता नको... आता!" आणि तुम्ही विचार करायच्या आत वरच्या हातानं तुम्हाला ओढून घेतलेलं असतं. तो हात मिठानं खरखरीत झालेला, दोरानं घट्टे पडलेला. तुम्ही वळून बघता तेव्हा तुमच्यामागच्या बाईचं तान्हं बाळ तांडेलाकडून खलाशाकडे, खलाशाकडून वरच्या माणसाकडे, त्याच्याकडून तुमच्याकडे आलंय. तुम्ही ते धरलंय. दुधाचा वास येणारं, गाढ झोपलेलं. त्याची आई खाली पुढच्या लाटेची वाट बघतेय आणि तिच्या चेहऱ्यावर काळजी नाही.

डेकवर जागा धरायची रीत एसटीसारखीच, फक्त रुमालाऐवजी सतरंजी. लोखंड दिवसभराच्या उन्हानं अजून गरम आहे, सतरंजीतून पाठीला शेक बसतो. इंजिनाची धडधड बरगड्यांत घुमते. तेल, मीठ, सुकी मासळी, संत्र्यांची सालं. समुद्र थोडा हलला की कोपऱ्यातून कोणीतरी कठड्याकडे धावतं. "बोट लागली त्यांना," म्हणून आजूबाजूचे आल्याचा तुकडा शोधायला लागतात. तुम्हालाही लागेल. क्षितिजाकडे बघा, बोटीकडे नको.

तुमच्या सतरंजीला लागून एका चाकरमान्याचं बिऱ्हाड आहे. गिरणीत कामाला, लालबागला खोली, वर्षातून एकदा घरी. बाळ त्यांचंच, मुंबईहून निघून दाभोळला माहेरी चार दिवस राहून ते आता मालवणला चाललेत. ट्रंकेत आईसाठी लुगडं, भावासाठी टॉर्च, बिस्किटांचे पुडे. बोटीवर चढल्यापासून त्याची भाषा हळूहळू बदलतेय; जयगडचा दिवा दिसेपर्यंत अर्धी मुंबईची, रत्नागिरी येईपर्यंत पुरती मालवणी. रात्र चढते तशी कोणी टाळ काढतं, कोणी पत्र्याच्या डब्यावर ठेका धरतं आणि भजनाची बारी रंगते. एक म्हाताऱ्या बाई गात नाहीत, काळ्या पाण्याकडे बघून हात जोडतात. त्यांचं कोणीतरी 'रामदास' बोटीवर होतं. १७ जुलै १९४७ ला ती बोट रेवसच्या वाटेवर बुडाली आणि सहाशेंहून जास्त माणसं गेली. चौदा वर्षं झाली, डेकवर अजूनही तिचं नाव कोणी मोठ्यानं घेत नाही. बाईंना थोडी जागा करून द्या, तुमच्या सतरंजीवर आडव्या होतील.

मध्यरात्री रत्नागिरी. बंदराकडून पंधरा-वीस कंदील पाण्यावर नाचत येतात, पडाव येऊन थडकतात आणि अर्धा डेक उठून उभा राहतो. हाका, शिव्या, पोरांची रडारड, "आमची पेटी राहिली!", मग पुन्हा धडधड. उजाडायच्या आधी विजयदुर्गाच्या तटाची काळी भिंत जवळून जाते. देवगडला तांबडं फुटतं. समुद्र आधी राखाडी होतो, मग तांब्याचा, आणि खलाशी चहाची किटली घेऊन फिरतो. तो चहा खारट असतो. प्या.

मालवण खडकांच्या मागे लपलंय. बोट पुन्हा दूरच थांबते, पुन्हा पडाव, पुन्हा लाटेचा माथा. तुम्ही आता सराईत आहात, तान्हं बाळ कडेवर घेऊनच उतरता. चाकरमानी विचारतो, "खंय उतरतलास?" तुम्ही सांगता, बघू, धर्मशाळा असेल. तो हसतो आणि तुमची ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेतो.

घर दांडीला, वाळूतच. गाबतांची वस्ती. कुंपणावर जाळी वाळत घातलेली, अंगणात सुकत टाकलेले बांगडे, त्यांचा वास पहिल्या पाच मिनिटांत डोक्यात जातो आणि नंतर भूक लावतो. चाकरमान्याची आई त्याला मिठी वगैरे मारत नाही. त्याच्याकडे खालून वर बघते, "सुकलंस," म्हणते, आणि बाळ तुमच्याकडून काढून घेते. दहा वाजता पेज येते. उकड्या तांदळाची, वाफाळती, मातीच्या भांड्यातून पितळीत ओतलेली. सोबत चुलीत भाजलेला सुका बांगडा आणि खारातली कैरी. उकाड्यात गरम पेज कशी प्यायची, असं वाटेल. पहिल्या पितळीनंतर घामाची धार लागते, दुसरीनंतर वारा गार लागायला लागतो.

किल्ल्यावर जाऊन या, होडी घराच्याच माणसाची आहे. सिंधुदुर्गाच्या तटावर चालताना चहूबाजूंनी खारं पाणी आदळतं आणि मधोमध दूधबाव, दहीबाव, साखरबाव. पोहरा सोडा, पाणी तोंडाला लावा. गोड. तुम्ही पुन्हा एकदा चाखून बघाल, सगळेच बघतात.

पण परतायची घाई करा, कारण संध्याकाळी किनाऱ्यावर आरोळी उठलीय. रापण लागली! हंगाम संपत आलाय, पाऊस आठ-पंधरा दिवसांवर, कदाचित ही शेवटचीच. जाळं होडीतून अर्धगोल टाकून झालंय, त्याची दोन टोकं दोन बाजूंना वाळूवर आलीत आणि प्रत्येक टोकाच्या दोराला माणसं लागलीत. बायका, पोरं, म्हातारे, शाळेतून तसाच आलेला मास्तर. तुम्हीही लागा. कोणी बोलावणार नाही, कोणी अडवणार नाही. दोर ओला आणि जाड, काथ्याचा, तळव्यांची साल काढणारा. टाचा वाळूत रोवा, अंग मागे झोकून द्या. "हेऽऽ" म्हटलं की ओढायचं, थांबलं की धरून ठेवायचं. हलत नाही. वाटतं, आपण समुद्रच ओढतोय. मग दोर एक वीतभर येतो. मग हातभर. पाठीतून कळ जाते, घाम डोळ्यांत उतरतो, पुढच्या माणसाच्या उघड्या पाठीवर वाळू चिकटलीय आणि मागून कोणाचा तरी गरम श्वास तुमच्या मानेवर येतोय. अर्धा तास, तास. दोन्ही टोकं जवळ येतात, आरडाओरडा वाढतो, घारी खाली उतरतात, आणि एकदम जाळ्याच्या पोटात पाणी उकळायला लागतं. चांदीचं पाणी. बांगडे, पेडवे, एखादी सुरमई, त्यांच्या शेपट्यांचा सडसड आवाज पावसाचा वाटतो. पोरं त्यात गुडघाभर उभी राहून किंचाळतायत. टोपल्या भरतात, वाटे पडतात, भाव ओरडले जातात, आणि दोर ओढला म्हणून तुमच्याही हातात दोन बांगडे येतात. निसटू देऊ नका, कल्ल्यात बोट घाला.

ते घेऊन घरी जा. आई ते तुमच्या हातून घेते, विळीवर दोन फटक्यांत साफ करते. पाट्यावर खोबरं, मिरच्या, धणे वाटलेले आहेत, तिरफळं ठेचून तयार आहेत, चुलीवर तांबडा रस्सा रटरटतोय. तुम्ही वाळूच्या पायांनी तसेच आत शिरायला बघता.

"आदी पाय धुवा, मगे भितर येवा."

जेवताना ती समोर बसून वाढते. भात संपायच्या आत भात, कढी संपायच्या आत कढी. तिरफळाची झिणझिण जिभेवर पसरलेली असताना ती विचारते, "पुण्याचे मां तुमी? माझो भाचो थयच आसा. खडकेक, दारूगोळ्याच्या कारखान्यात. वळाखतास?"

तुम्ही ओळखत नाही. पुणं केवढं, कारखाना केवढा, हे तिला सांगून बघा. ती ऐकून घेते, उठते, कोनाड्यातून एक गाठोडं आणून तुमच्या पानाशेजारी ठेवते. आत कोकमं आहेत, सुके बांगडे आहेत, थोडं खाजं आहे, वरून माडाच्या झापाची घट्ट गाठ.

"मगे ह्या तेका नेवन दिया. कारखान्याच्या गेटार इचारा, मालवणचो कोण म्हणान. सांगतीत."